कारखाना बंद पडलेल्या गावात नाटक कशाला?

खाण किंवा कारखाना बंद पडला की पगार थांबतात, हे सगळ्यांना दिसतं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट बंद पडते, पण तिची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. युनियनच्या बैठका, कॅन्टीन, कामगारांचा फुटबॉल संघ, वर्गणी गोळा करायची रीत, भांडण मिटवणारी चार जाणती माणसं, ही सगळी यंत्रणा पगाराच्या आधाराने उभी असते. ती मोडली की शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, पण दोघांनी मिळून काही पार पाडायची सवय जाते. अशा वस्तीत उद्या कुणी निधी आणून ओतला, तरी तो मागायला, वापरायला आणि त्याचा हिशेब विचारायला कुणी एकत्र येत नाही.

सामुदायिक रंगभूमीचं, म्हणजे वस्तीतल्या माणसांनी स्वतःच घडवलेल्या नाटकाचं, काम इथे सुरू होतं. नाटक बसवायचं तर ठरल्या वेळी, ठरल्या जागी, न आवडणाऱ्या माणसाबरोबरही काम करावं लागतं, आणि प्रयोगाची तारीख पुढे ढकलता येत नाही. मोडलेली सवय परत लावायला याहून स्वस्त साधन सापडणं कठीण.

पण नाटक रोजगार आणत नाही. वेल्समधलं पोर्ट टॅलबॉट हे पोलादाचं गाव. २०११ च्या ईस्टरला अभिनेता मायकल शीन आणि नॅशनल थिएटर वेल्स यांनी हजाराहून अधिक स्थानिकांना घेऊन तिथे तीन दिवस चालणारं नाट्य उभं केलं, रस्त्यांवर आणि समुद्रकिनाऱ्यावर. ते खूप गाजलं. २०२४ मध्ये त्याच गावातली शेवटची झोतभट्टी बंद झाली. पोलादाच्या जागतिक बाजाराशी नाटक लढू शकत नाही, आणि लढेल असं सांगून निधी मागणारा प्रकल्प पहिल्याच दिवशी खोटं बोलतो.

तीन प्रकार, एकच लेबल

कलेतून वस्तीचं पुनरुज्जीवन म्हणून जे खपतं त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, भव्य इमारत. स्पेनमधल्या बिल्बाओत १९९७ मध्ये गुगेनहाइम कलासंग्रहालय उघडलं आणि मंदीतलं औद्योगिक शहर पर्यटकांच्या नकाशावर आलं. मग अनेक शहरांनी त्याची नक्कल केली. बिल्बाओने त्याच काळात मेट्रो सुरू केली होती, नदी स्वच्छ करायला घेतली होती आणि नदीकाठच्या गोदी हलवल्या होत्या, हे मात्र नक्कल करणारे विसरले.

दुसरी, स्वस्त भाड्याच्या ओस गोदामांत कलावंत राहायला येणं. न्यूयॉर्कच्या सोहो भागात हे झालं आणि समाजशास्त्रज्ञ शेरॉन झुकिन यांनी १९८२ मध्येच त्याचा शेवट लिहून ठेवला: कलावंतांमुळे भाग नावारूपाला येतो, भाडी चढतात, आणि आधी जुने रहिवासी व छोटे उद्योग, मग कलावंतही बाहेर पडतात. इमारती सुधारतात, माणसं बदलतात.

तिसरी, वस्तीतल्या माणसांनी स्वतः नाटक, भित्तिचित्र, गाणं घडवणं. हा लेख तिच्याविषयी आहे. निधी देणारे बहुतेक वेळा तिसऱ्यासाठी पैसे देतात आणि अपेक्षा पहिल्याची करतात. पुढचे निम्मे गोंधळ इथूनच निघतात.

गावाचं नाटक बसवायचं कसं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस गावात नाटककार ॲन जेलिको यांनी १९७८ मध्ये एक पद्धत रुजवली. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार असा व्यावसायिकांचा छोटा गाभा, बाकी सगळे गावकरी. नाटक त्याच गावाच्या इतिहासातून नव्याने लिहिलेलं. येईल त्याला भूमिका, कुणालाही परत पाठवायचं नाही. प्रेक्षक उभे राहतात आणि नट त्यांच्यातूनच वाट काढत खेळतात. त्यामुळे शंभर जणांचा संचही शाळेच्या सभागृहात सामावतो आणि आवाज न पोचणाऱ्या नवशिक्या नटाला लांबच्या रांगेपर्यंत ओरडावं लागत नाही. तयारीला दीड ते दोन वर्षं.

पहिले तीन-चार महिने फक्त ऐकायचं. मध्यम आकाराच्या वस्तीत ४० ते ६० मुलाखती पुरतात. दोघांच्या जोडीने जावं, एकाने बोलावं, दुसऱ्याने टिपावं, आणि पाऊण तासाच्या वर ताणू नये. ‘तेव्हा कसं होतं हो?’ असं विचारलं की गोड आठवणी येतात आणि त्यांचं नाटक होत नाही. ‘सकाळी उठल्यापासून कामावर पोचेपर्यंत काय काय करायचात?’ असं विचारलं की माणूस हाताने करून दाखवायला लागतो. तिथे प्रसंग सापडतात.

मुलाखतींची यादी हाच पहिला सापळा. आयोजकांना जी माणसं माहीत असतात ती बहुधा प्रतिष्ठित, बोलकी आणि एकाच गटातली असतात. कंत्राटी कामगार, उशिरा बाहेरून येऊन राहिलेली कुटुंबं, घरी बसून जोडकाम करणाऱ्या बायका, आणि सगळ्यात अवघड म्हणजे संप चालू असताना कामावर गेलेले लोक यादीत नसतात. हे शेवटचे वगळले तर नाटक अर्ध्या गावाचं होतं. घेतले तर तालमीतच जुनी भांडणं उकरली जातात. जेलिको यांचं मत होतं की गावात फूट पाडणारं राजकारण अशा नाटकात नको, आणि त्यावर टीकाही झाली, कारण ज्यावरून गाव दुभंगलं तेच टाळून एकोपा दाखवणं म्हणजे सजावट. आमचा कल टीकाकारांकडे आहे, पण वाट सरळ नाही. कामाला येणारा एक उपाय असा की तोच संघर्ष शंभर वर्षं मागे नेऊन ठेवायचा: त्याच जागेवरचा जुना संप, जुनी जमीन, जुनी माणसं. पाहणाऱ्याला कळायचं ते कळतं, आणि कुणाच्या वडिलांचं नाव मंचावर येत नाही. खरीखुरी आपबीती वापरायचीच असेल तर दोन-तीन माणसांच्या कहाण्या मिसळून एक पात्र करावं, आणि संहिता पक्की होण्याआधी त्या प्रत्येकाला वाचून दाखवून ‘नको’ म्हणायची संधी द्यावी. सही घेतलेला कागद हवाच, पण वाचून दाखवणं जास्त महत्त्वाचं.

संहितेचा पहिला खर्डा जाहीरपणे वाचायचा, तोही लेखक समोर बसलेला असताना. केनियातल्या कामिरीथू गावात १९७७ मध्ये लेखक न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी गिकुयु भाषेत लिहिलेली संहिता गावकऱ्यांसमोर वाचली गेली. मळ्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या लोकांनी भाषा दुरुस्त केली, पात्रांचं वागणं दुरुस्त केलं, आणि सुमारे दोन हजार प्रेक्षक बसतील असं खुलं नाट्यगृह स्वतःच बांधलं. नाटक थोडेच आठवडे चाललं. सरकारने परवाना काढून घेतला, डिसेंबरअखेर थिओंगो यांना विनाचौकशी तुरुंगात टाकलं आणि १९८२ मध्ये ते नाट्यगृह जमीनदोस्त केलं. आपल्या जगण्याची कारणं नावानिशी बोलायला लागलेलं गाव सत्तेला आवडत नाही. अशी शक्यता असेल तर परवानगीचे कागद, वकिलाचा फोन नंबर आणि कुणाचं नाव कुठे छापायचं हे आधीच ठरवून ठेवावं.

आता तालमी. बारा ते चौदा आठवडे, आठवड्याला दोन, प्रत्येकी दोन तासांच्या. ऐंशी जणांना एकदम बोलावणं ही हमखास होणारी चूक. एका वाक्यासाठी दीड तास खुर्चीत बसलेला माणूस पुढच्या खेपेला येत नाही. दहा-पंधरा जणांचे गट करून प्रवेश वेगवेगळे बसवावेत आणि सगळ्यांना शेवटच्या तीन आठवड्यांतच एकत्र आणावं. सुरुवात समूहगानाने करावी, कारण बोलायला बुजणारा माणूसही गर्दीत गाऊ शकतो. आलेल्यांपैकी पाव ते एक तृतीयांश लोक मध्येच गळतील हे धरूनच पात्रयोजना करावी. कथा ज्या वाक्यावर उभी आहे ते वाक्य एकट्याच्या भरवशावर ठेवू नये. बायका पुरुषांपेक्षा जास्त संख्येने येतात, हे जेलिको यांनीही नोंदवलंय. तेव्हा लेखकाने संहिता लिहितानाच स्त्री-भूमिका वाढवाव्यात, नाहीतर आयत्या वेळी दाढ्या चिकटवाव्या लागतात.

जागा निवडताना चार गोष्टी बघाव्यात: ती कुठल्याही पक्षाची किंवा गटाची नसावी, तळमजल्यावर असावी, स्वच्छतागृह चालू असावं, आणि रात्री परतीच्या वाटेवर दिवे असावेत. यातली शेवटची नसेल तर महिनाभरात मुली आणि म्हातारी माणसं दिसेनाशी होतात, आणि आयोजक म्हणतात ‘लोकांना रस नाही’. लहान मुलं सांभाळायला पगारी माणूस ठेवावा. तो नसेल तर तरुण आया तालमीला येऊच शकत नाहीत.

सगळ्यात दुर्लक्षित खर्च म्हणजे समन्वयक. गैरहजर माणसाला दुसऱ्या दिवशी फोन करणं, त्याच्या घरी काय झालंय ते विचारणं, दोन गटांतलं भांडण तालमीबाहेर निस्तरणं, हे त्याचं काम. दिग्दर्शकाला त्यासाठी वेळ नसतो आणि बऱ्याचदा स्वभावही नसतो. शंभर रुपयांच्या हिशेबात बोलायचं तर पंचावन्न ते साठ रुपये माणसांच्या मानधनाला, दहाच्या आसपास जागा आणि विमा, पंधरा वेशभूषा-नेपथ्य-प्रकाशयोजनेला, आणि उरलेले पंधरा-वीस प्रयोगानंतरच्या सहा महिन्यांसाठी बाजूला. प्रत्यक्षात हे शेवटचे पैसेच आधी संपतात, बहुतेक वेळा जास्तीच्या दिव्यांवर.

प्रेक्षकाने ‘थांबा’ म्हणायचं

दुसरी पद्धत आकाराने लहान पण धारेची आहे. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ‘फोरम थिएटर’ विकसित केलं. पंधरा-वीस मिनिटांचं नाटुकलं, वस्तीतल्याच एखाद्या प्रश्नावर, आणि त्याचा शेवट वाईट. ते एकदा पूर्ण करून दाखवायचं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, आणि या वेळी प्रेक्षकांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून मंचावर यायचं, ज्याच्यावर अन्याय होतोय त्या पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं काही करून पाहायचं. बाकीचे नट आपापल्या भूमिकेला धरून विरोध करतात. नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये जो दुवा असतो त्याला बोआल जोकर म्हणत. तो उत्तरं देत नाही, फक्त विचारतो: हे खरंच जमेल? इथे कुणी केलंय? मग पुढे काय होईल?

यात बिघडतं ते ठरलेल्या जागी. नायकापुढे काहीच पर्याय उरलेला नसेल तर प्रेक्षक हतबल होतो, म्हणून निर्णयाचे तीन-चार क्षण नाटकात मुद्दाम ठेवावे लागतात. कुणी अत्याचार करणाऱ्याचीच जागा घेऊन त्याला अचानक सज्जन केलं तर ते जोकरने अडवावं, कारण प्रत्यक्षात ते आपल्या हातात नसतं. संस्थेला आपला संदेश पोचवायचा असेल तर तिने पत्रकं वाटावीत. उत्तर आधीच ठरलेलं असलं की ते प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि तो हवं ते बोलून खाली बसतो. घरातल्या मारहाणीवरचा प्रयोग असेल तर मंचावर येऊन बोललेली बाई रात्री त्याच घरी परतणार आहे हे विसरू नये. त्या दिवशी मदत करू शकणारी व्यक्ती तिथे हजर नसेल तर तो विषय घेऊ नये.

एकदाच केलेल्या फोरमचा उपयोग थोडा. पश्चिम बंगालमधली जनसंस्कृती ही संस्था १९८५ पासून सुंदरबन भागात काम करते. ती एकच नाटक त्याच गावात पुन्हा पुन्हा नेते, आणि मधल्या काळात लोकांनी काय करून पाहिलं ते पुढच्या खेपेला मंचावर येतं. बोआल स्वतः १९९३ ते १९९६ या काळात रिओ दी जानेरोच्या नगरसभेचे निवडून आलेले सदस्य होते. वस्त्यावस्त्यांत झालेल्या फोरममधून निघालेल्या सूचनांचे त्यांनी मसुदे केले आणि त्यांतून १३ कायदे मंजूर करून घेतले. पुढच्या निवडणुकीत ते हरले. पण फोरममधून आलेली सूचना कुठल्या टेबलावर जाणार, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे, हा त्यांचा धडा टिकला.

बदनामी धुवायची असेल तर

काही वस्त्यांचं दुखणं गरिबीपेक्षा शिक्का हे असतं. अहमदाबादच्या छारानगरमध्ये छारा समाज राहतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या समाजांपैकी तो एक. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर या विमुक्त जमातीच्या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्या घटनेवर छारानगरच्या तरुणांनी नाटक केलं, आणि त्याच नावाने बुधन थिएटर उभं राहिलं. लेखिका महाश्वेता देवी आणि भाषातज्ज्ञ गणेश देवी यांचा त्यामागे आधार होता. सुरुवात झाली होती ती वाचनालयापासून. इथे नाटकाचा प्रेक्षक वस्तीबाहेरचा आहे: पोलीस, वकील, विद्यार्थी. म्हणून प्रयोग वस्तीत जेवढे, तेवढेच बाहेर करावे लागतात, आणि प्रवासखर्च हा अंदाजपत्रकातला मोठा आकडा होतो.

भिंती आणि घरं

भित्तिचित्र सोपं वाटतं, कारण ते दिसतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९८४ मध्ये भिंती रंगवून खराब करणाऱ्या मुलांना चित्रांकडे वळवण्यासाठी सुरू झालेल्या उपक्रमातून म्युरल आर्ट्स ही मोठी संस्था घडली. त्यांची एक युक्ती उपयोगी आहे: चित्राचे चौकोनी तुकडे करून ते पातळ, न विणलेल्या कापडावर रेघांनी आखायचे, प्रत्येक रकान्यात रंगाचा आकडा टाकायचा, ते तुकडे शाळेत, वृद्धाश्रमात, तुरुंगात बसून रंगवायचे, आणि शेवटी ॲक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवायचे. ज्याला शिडीवर चढता येत नाही त्याचाही हात लागतो. भिंत ओलसर असेल तर मात्र दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात. आधी गळती काढावी, प्लास्टर ठोकून बघावं, मग रंग. आणि दुरुस्तीचे पैसे नसतील तर चित्र काढूच नये, कारण सोललेलं चित्र वस्तीबद्दल कोऱ्या भिंतीपेक्षा वाईट बोलतं.

माणसं गेलेल्या, म्हातारे उरलेल्या गावांसाठी जपानच्या नीगाता प्रांतातला एचिगो-त्सुमारी प्रदेश पाहण्यासारखा आहे. सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा बर्फाळ डोंगराळ भाग, तिथे २००० पासून साधारण दर तीन वर्षांनी कलामहोत्सव होतो. बंद घरं आणि बंद शाळा हीच दालनं. सुरुवातीला गावकऱ्यांचा कडवा विरोध होता, आणि बाहेरून आलेले तरुण स्वयंसेवक शेतात, बर्फ उपसायला हात लावायला लागले तेव्हा तो हळूहळू निवळला. माणसं ये-जा करू लागली, तरी लोकसंख्येची घसरण महोत्सवाने थांबत नाही.

भाडेवाढीवर कलेकडे उत्तर नाही, मालकीकडे आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या थर्ड वॉर्ड भागात १९९३ मध्ये रिक लो आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनी २२ पडकी लहान घरं ताब्यात घेतली. काही कलाकृतींसाठी ठेवली, काही शिकणाऱ्या एकट्या आयांना राहायला दिली, आणि पुढे परवडणाऱ्या घरांसाठी वेगळी संस्थाच काढली. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या ग्रॅनबी भागात रहिवाशांनी आधी जमिनीचा सामुदायिक न्यास केला, म्हणजे मालकी सगळ्यांच्या वतीने एका संस्थेकडे ठेवली, आणि मग असेंबल या वास्तुरचनाकार गटाला सोबत घेतलं. त्या कामाला २०१५ चा टर्नर हा ब्रिटनमधला मानाचा कला-पुरस्कार मिळाला. क्रम लक्षात घ्या: कागद आधी, रंग नंतर. भाग नावारूपाला आल्यावर जागा घ्यायला गेलं तर ती परवडत नाही.

उपयोग झाला हे ओळखायचं कशावरून

प्रयोग संपल्यावर ‘तुमचा आत्मविश्वास वाढला का?’ असं विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात. ब्रिटनमध्ये संशोधक फ्रान्स्वा मातारासो यांनी १९९७ मध्ये कलासहभागाच्या ५० सामाजिक परिणामांची यादी दिली. पाओला मेर्ली यांनी २००२ मध्ये तिच्यावर नेमका हाच आक्षेप घेतला: आलेल्यांनाच विचारलं, न आलेल्यांशी तुलना नाही, आधीची नोंद नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्क स्टर्न आणि सुझन साइफर्ट यांनी न्यूयॉर्कच्या वस्त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये मांडला. त्यात, उत्पन्न सारखंच कमी असलेल्या वस्त्यांपैकी जिथे सांस्कृतिक संस्था जास्त तिथे गंभीर गुन्हे १८ टक्क्यांनी कमी दिसले. हा संबंध आहे, कारण नव्हे. बरी वस्ती संस्था टिकवते की संस्था वस्ती बरी करतात, हे त्यातून ठरत नाही.

छोट्या प्रकल्पाने मोठे आकडे मागू नयेत. चार नोंदी ठेवाव्यात. आलेल्यांपैकी कितीजण याआधी गावातल्या कुठल्याच समितीत किंवा मंडळात नव्हते. वर्षभराने त्यांतले किती अजून एकत्र काही करतात. व्यावसायिक निघून गेल्यावर किती बैठका गावाने स्वतः बोलावल्या. आणि खोलीची किल्ली, बँक खात्यावरची सही कुणाकडे आहे. पहिली नोंद काम सुरू होण्याआधीच घ्यावी लागते, नंतर ती कुणालाच आठवत नाही.

प्रयोगानंतरची मरगळ ठरलेली असते. तीन महिने सतत भेटणारी माणसं एकाएकी रिकामी होतात. पुढच्या बैठकीची तारीख शेवटच्या प्रयोगालाच जाहीर करावी, तीन आठवड्यांच्या आतली, आणि तिथे लहान, नक्की होणारं काम ठेवावं. मोठी दुसरी निर्मिती लगेच घोषित केली की थकलेली माणसं पळतात. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या ला बोका भागातला कातालिनास सुर हा गट १९८३ मध्ये शाळेतल्या पालकांच्या संघटनेतून सुरू झाला. आधी चौकात खेळला, पुढे एका गोदामात स्थिरावला आणि आजही शेजाऱ्यापाजाऱ्यांचाच आहे. तो टिकला कारण नाटकाआधी पालकांची संघटना होती आणि नाटकानंतर जागा होती.

कधी नकार द्यावा, हेही ठरलेलं असावं. वस्ती पाडायचा निर्णय झालेला असेल आणि प्रकल्प फक्त लोकांना रमवायला असेल, तर घेऊ नये. निधी मिळाल्यापासून सहा महिन्यांत भव्य प्रयोग हवा असेल, तर घेऊ नये, कारण ऐकण्याचे महिनेच कापले जातील. मूळ संहितेवर शेवटचा शब्द निधी देणाऱ्याचा असेल तरीही नाही. करार करण्याआधी पैसे देणाऱ्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत: प्रयोगानंतर सहा महिने समन्वयकाचा पगार कोण देणार, सामान आणि जागा कुणाच्या नावावर राहणार, आणि लोकांनी तुमच्याच विरोधात काही मांडलं तर तुम्ही काय करणार. तिसऱ्याचं उत्तर टाळलं गेलं, तर उरलेल्या दोन उत्तरांवरही विसंबू नये.